गेमिंग आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर: मराठवाड्याच्या उन्हात आणि विजेवर टिकतील असे पार्ट कसे निवडायचे

कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" मी आधी उलटे तीन प्रश्न विचारतो. मशीन कोणत्या खोलीत ठेवणार? त्या खोलीतल्या पिनला अर्थिंग आहे का? मे महिन्यात तिथे एसी चालतो, कूलर चालतो की नुसता पंखा? यूट्यूबवरचे बहुतेक बिल्ड एसीच्या खोलीत, स्थिर विजेवर तपासलेले असतात. परभणीत पत्र्याच्या खोलीत किंवा औशाच्या एखाद्या फोटो स्टुडिओत तेच मशीन वेगळं वागतं. म्हणून आपल्याकडे पार्ट निवडताना सुरुवात भिंतीतल्या पिनपासून करावी आणि ग्राफिक्स कार्डापर्यंत शेवटी यावं, असं माझं ठाम मत आहे.

इथे मी मॉनिटर सोडून साधारण सत्तर हजार ते लाखभर रुपयांचं मशीन धरलं आहे. त्यावर फुल एचडी किंवा त्याच्या एक पायरी वरचं गेमिंग नीट व्हावं आणि लग्नाचे, यूट्यूबचे, जाहिरातींचे ४के व्हिडिओ न अडखळता कापता यावेत, एवढी अपेक्षा आहे. पार्टचे भाव मुद्दाम देत नाही. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आणि एसएसडीचेही त्यामागोमाग वाढले, त्यामुळे आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात उपयोगाचा राहत नाही. वाटणी मात्र सांगता येते. शंभर रुपयांपैकी ३५ ग्राफिक्स कार्डाला, २५ प्रोसेसर आणि बोर्डाला मिळून, २० रॅम आणि एसएसडीला, १२ एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज देणारा डबा), कॅबिनेट आणि प्रोसेसरच्या कूलरला, आणि उरलेले ८ यूपीएस आणि अर्थिंगला. शेवटचे ८ रुपये कापून ग्राफिक्स कार्डात घालायचा मोह प्रत्येकाला होतो. ते कापू नका.

आधी पिन तपासा

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अनवाणी पायांनी हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. "थोडा करंट मारतो, चालतंय" म्हणून लोक सोडून देतात. हे का होतं ते समजून घ्या. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. तिथून येणारी किंचित वीज अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत उतरावी, अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्या मध्ये लटकतो आणि त्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं. प्रवाह फार थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर लावता-काढताना हेच व्होल्टेज पोर्टमधून वाट काढतं आणि पोर्ट, कधी कधी अख्खं कार्ड, घेऊन जातं.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मोजण्या करून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा वीस-तीस व्होल्ट आला तर अर्थिंग नावालाच आहे असं समजा. पिनला तिसरं भोक आहे म्हणजे त्यामागे वायर आहे, असं गृहीत धरू नका. जुन्या घरांत ते भोक बऱ्याचदा रिकामंच असतं. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं, नाहीतर जूनपर्यंत ते निकामी होतं.

एसएमपीएस आणि यूपीएस

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो आणि गावातलं व्होल्टेज १७०-१८० पर्यंत खाली येतं. म्हणून एसएमपीएसच्या खोक्यावर इनपुट "१०० ते २४० व्होल्ट" लिहिलेलं आहे का ते बघा. नुसतं "२०० ते २४०" लिहिलेले स्वस्त मॉडेल दुकानात असतात, ते आपल्याकडे नकोत. एटी प्लस (वीज किती कमी वाया जाते त्याचं) ब्रॉन्झ किंवा गोल्ड मानांकन, किमान पाच वर्षांची वॉरंटी आणि ५५० ते ६५० वॅट एवढं पुरे. हिशेब सोपा आहे: ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएमडीचा रायझन प्रोसेसर जोर लावल्यावर ९० पर्यंत जातो, ग्राफिक्स कार्ड १५० ते १८०, बाकी बोर्ड, पंखे, ड्राइव्ह मिळून ५०. म्हणजे सव्वातीनशे. ६५० वॅटचा एसएमपीएस निम्म्या ताणावर आरामात चालतो आणि कमी तापतो. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस ऑफिसच्या टायपिंगच्या मशीनला ठेवा.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. आपलं मशीन आणि मॉनिटर मिळून भरात ४०० च्या आसपास ओढतात. रेंडर चालू असताना लाइट गेली तर असा यूपीएस एक शिट्टी मारून बंद पडतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. त्यावर प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात आणि त्याचं काम तेवढंच आहे. दोन तासांच्या भारनियमनात काम चालू ठेवायचं असेल तर इन्व्हर्टर लागतो.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा हवा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज समान लाटेत ओढणारी सोय) असते आणि स्क्वेअर वेव्हवर तिची काही मॉडेल अडखळतात किंवा बंद पडतात. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" किंवा "इको" असं एक छोटं बटण असतं. एसएमपीएस वीज गेल्यावर स्वतःच्या साठ्यावर पूर्ण भारात साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर त्याच्या आत बदलतो, नॉर्मल मोडमध्ये त्याला जास्त वेळ लागतो. "इन्व्हर्टर आहे तरी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो" ही तक्रार निम्म्या वेळा त्या बटणावरच मिटते. यूपीएस मोडला व्होल्टेजचा पल्ला लहान असतो, त्यामुळे व्होल्टेज खूप पडलं की तो लवकर बॅटरीवर जातो, हे धरून चाला.

आता काम कोणतं, ते ठरवा

एडिटिंग म्हणजे सगळं एकच नसतं. मोबाइलवर शूट करून रील कापणारा, कॅमेऱ्यावर लग्न शूट करणारा आणि गेमप्ले रेकॉर्ड करणारा, तिघांना वेगळे पार्ट लागतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंगचा प्रकार बघा. तिथे "४:२:२ १०-बिट" (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) लिहिलं असेल तर पुढचा भाग नीट वाचा, कारण लग्नाचं काम करणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जाताना मी बघतो. नवीन मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये हा पर्याय सर्रास असतो. रंग चांगले सुटतात म्हणून सगळे तो लावतात. पण ती फाइल उलगडायला हार्डवेअरमध्ये खास सोय लागते, नाहीतर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो आणि महागडं ग्राफिक्स कार्ड असूनही टाइमलाइन अडकत चालते.

एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मधलं ४:२:२ १०-बिट इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला उलगडता येतं. इंटेलच्या आर्क कार्डांनाही येतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेला येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेला येतं आणि तिला एच.२६४ मधलं ४:२:२ सुद्धा जमतं. रायझन ७००० च्या अंगभूत ग्राफिक्सला हे जमत नाही. मोबाइलची किंवा रंगाची कमी माहिती असलेली ४:२:० ची फाइल असेल तर हा सगळा प्रश्नच येत नाही, कोणतंही आजचं कार्ड ती सहज चालवतं.

प्रोसेसर आणि बोर्ड

दोन सरळ वाटा आहेत. पहिली, एएमडीचा रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, सोबत कूलर, आणि बोर्ड एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा). एएमडीने हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवायचं जाहीर केलेलं आहे. म्हणजे तीन वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच वाट सांगतो. एडिटिंग जास्त असेल आणि पैसे थोडे ताणता येत असतील तर आठ कोअरचा रायझन ७ ७७००.

दुसरी वाट इंटेलची: कोअर आय५ १२४०० किंवा १४४००. १२४०० मध्ये सहा कोअर आहेत, १४४०० मध्ये सहा मोठे आणि चार छोटे. नावाच्या शेवटी "एफ" असलेला घेऊ नका. "एफ" म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि इंटेल घेण्याचं आपलं मुख्य कारण तेच ग्राफिक्स आहे. शिवाय ग्राफिक्स कार्ड बिघडून पुण्याला पाठवावं लागलं तर मशीन बंद पडत नाही, साधी कामं चालू राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर नसणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट मोठी आहे. रायझन ५ ७५००एफ बद्दलही हेच लागू. या इंटेल प्रोसेसरांचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ (रॅमची जुनी आणि नवी पिढी) अशा दोन्ही प्रकारांत येतात, त्यामुळे घरात जुनी डीडीआर४ रॅम पडून असेल तर ती वापरून बरेच पैसे वाचवता येतात. एएम५ वर ही सोय नाही, तिथे डीडीआर५ च लागते.

बोर्ड रायझनला बी६५० आणि इंटेलला बी७६० चिपसेटचा घ्या. चार रॅम स्लॉट, दोन एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायचे), आणि प्रोसेसरच्या बाजूच्या वीज-भागावर ॲल्युमिनियमची हीटसिंक, एवढं बघा. एच६१० चे बोर्ड स्वस्त असतात, पण रॅमचे स्लॉट दोनच असतात, एम.२ बहुधा एकच असतो आणि वीज-भाग उघडा. बेचाळीस डिग्रीच्या खोलीत दोन तासांचं रेंडर लावल्यावर उघड्या वीज-भागामुळे प्रोसेसरचा वेग खाली येतो.

ग्राफिक्स कार्ड

इथे लोक नावाकडे बघतात, मी आधी मेमरीकडे बघतो. फुल एचडी गेमिंगला ८ जीबी आजही चालते. पण ४के टाइमलाइनवर रंगकाम आणि दोन-चार इफेक्ट चढवले की दा विंची रिझॉल्व्ह "जीपीयू मेमरी भरली" म्हणून थांबतं. गेमिंग सत्तर टक्के असेल तर आरटीएक्स ५०६० ची ८ जीबी ठीक. एडिटिंगवर पोट असेल तर ५०६० टीआयचं १६ जीबीचं मॉडेल घ्या. खोक्यावर "१६ जीबी" नीट वाचून घ्या, कारण त्याच नावाचं ८ जीबीचंही येतं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी, नुसत्या गेमिंगला पैसे वसूल करणारं कार्ड आहे. मात्र एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर आणि प्लगइन एनव्हिडियाच्या कुडा या खास तंत्रावर जास्त सुखाने चालतात. कमी पैशांत १२ जीबी हवी असेल तर इंटेल आर्क बी५८० आहे, पण त्याला बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावंच लागतं, म्हणून जुन्या बोर्डात ते टाकू नका.

जुनं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतं. तुमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासू देत असतील तरच घ्या. फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नका.

रॅम आणि साठवण

३२ जीबी, १६-१६ च्या दोन काड्या. एकच ३२ ची काडी घेतली तर ड्युअल चॅनेल (दोन वाटांनी एकदम काम) मिळत नाही आणि वेग मार खातो. रायझनला डीडीआर५ ६००० चा वेग उत्तम जुळतो. भाव परवडत नसेल तर १६ ची एक काडी आज आणि तशीच दुसरी नंतर, हा तात्पुरता मार्ग आहे, पण तेव्हा तोच मॉडेल नंबर मिळेल याची खात्री कुणी देत नाही. डीडीआर५ च्या चार काड्या भरल्या की वेग खाली येतो, म्हणून "आता दोन, पुढे आणखी दोन" असा बेत करू नका.

साठवणीचा हिशेब कागदावर करा. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने शूट केलेलं ४के तासाला ४५ जीबी घेतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर एकाच लग्नाचे ३६० जीबी होतात. एका टीबीत दोन लग्नं कशीबशी मावतात आणि तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याला दोन-दोन ऑर्डर असतात. म्हणून विंडोज, सॉफ्टवेअर आणि गेमसाठी एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), चालू कामासाठी दुसरी, आणि झालेलं काम टाकायला ४ टीबीची हार्ड डिस्क. एनव्हीएमई चौथ्या पिढीची आणि टीएलसी चिपची बघा. क्यूएलसी चिपच्या ड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना सुरुवातीचा वेग लवकर संपतो आणि कॉपी रांगत चालते. नवरा-नवरीच्या घरी पेनड्राइव्ह पोचेपर्यंत मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर असलंच पाहिजे. ते पुन्हा शूट करता येत नाही.

ऊन आणि धूळ

खोली जितकी तापते जवळपास तितकेच आतले पार्ट वर सरकतात. २६ डिग्रीच्या खोलीत प्रोसेसर ७२ वर चालत असेल तर ४२ च्या खोलीत तो ८८ च्या घरात जाणार. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ आहे, त्याआधी काही जळत नाही, पण पंखे किंचाळतात आणि मर्यादेला टेकला की वेग घटतो. म्हणून सोबत आलेला कूलर बाजूला ठेवून १२० मिलिमीटर पंख्याचा एकमनोऱ्याचा एअर कूलर लावा. लिक्विड कूलरची या मशीनला गरज नाही, आणि त्याचा पंप गेला तर बदली मिळेपर्यंत काम ठप्प होतं.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. पुढे पूर्ण काच असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं आणि मेमध्ये भट्टी होतं. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती जाळीच्या फिल्टरवरच अडते. हा फिल्टर काढून धुता येतो का, ते दुकानात स्वतः काढून बघा. मशीन जमिनीवर ठेवू नका, झाडूची धूळ थेट आत जाते. आणि पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर येईल असं कधीच ठेवू नका. थंड वाटला तरी तो ओला वारा असतो आणि धुळीत मिसळून पंख्यांवर आणि बोर्डावर चिखलाचा थर धरतो. कूलर समोरच्या खिडकीत, मशीन बाजूच्या भिंतीला, आणि दुसरी खिडकी उघडी. महिन्या-दीड महिन्याने ब्लोअर मारा. त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरवलं की बेअरिंग खराब होतं.

मॉनिटरबद्दल थोडक्यात: आयपीएस पॅनेल, एसआरजीबी रंगांपैकी ९९ टक्क्यांच्या आसपास दाखवणारा, १४४ हर्ट्झ किंवा जास्त. २७ इंची घेणार असाल तर १४४० पी, २४ इंचीला फुल एचडी पुरे.

खरेदी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरमध्ये असेंबल करणारी दुकानं आहेत. ऑनलाइनपेक्षा थोडं महाग पडलं तरी एसएमपीएस, बोर्ड आणि यूपीएस स्थानिक घ्यावं, कारण बिघाड झाला तर धावायला जवळचं माणूस हवं. ग्राफिक्स कार्डाच्या भावात मोठा फरक असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर. नांदेड-परभणीकरांना दोन्हीकडे देवगिरी एक्सप्रेस जाते. कुठेही घ्या, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर असलेलं पक्कं जीएसटी बिल घ्या. "बिलाशिवाय कमी करून देतो" म्हणाले तर वॉरंटीही त्यातच गेली असं समजा. वॉरंटीचा पार्ट कुठल्या शहरात जमा करायचा, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन आलेलं खोकं फोडताना पत्त्याच्या लेबलपासून सिरीयल नंबरपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

जोडणी आणि पहिला आठवडा

बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकण्याआधी त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम लावून एकदा चालू करून बघा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, जोर लावायचा नाही. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलं का ते बघा. रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर वेगळ्या असतात, वायरवर लिहिलेलं वाचा.

डीडीआर५ चं मशीन पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. रॅमची जुळवाजुळव चालू असते. या वेळी घाबरून बटण दाबू नका, थांबा. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा, नाहीतर ६००० चे पैसे देऊन रॅम तिच्या मूळ कमी वेगावर चालत राहते. मॉनिटरची वायर बोर्डात न लावता ग्राफिक्स कार्डात लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडा. एडिटिंग मुख्य असेल तर एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका.

पहिल्या आठवड्यातच मशीनला घाम फोडा, कारण बदलून मिळायची मुदत तेव्हाच हातात असते. एक रात्र मेमटेस्ट८६ लावून रॅम तपासा, एकही चूक दाखवली तर काडी परत. मग दुपारी दोनच्या सुमारास, खोलीतला पाण्याचा कूलर बंद ठेवून, एक तासाचा ४के प्रोजेक्ट रेंडरला लावा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमईचं तापमान बघत बसा. रेंडर अर्ध्यावर आलं की यूपीएसची भिंतीतली पिन बंद करा. मशीन चालू राहिलं आणि प्रोजेक्ट सेव्ह करून नीट बंद करता आलं, तर ऑर्डर घ्यायला हरकत नाही.